एकही चिठ्ठी उरता कामा नये

आमची नागरत्ना सारा जन्म सरकारी शाळेत कन्नड शिकवून निवृत्त झाली आणि आता दर रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवते. फुकट. मी तिला स्कूटरवरून नेतो-आणतो, तेही फुकट. वर्ग चालू असताना मी मागच्या बाकावर पेपर वाचत बसतो असा तिचा समज आहे. पेपर मी घरीच वाचून आलेला असतो. मी वर्ग ऐकतो, कारण रविवारी सकाळी एवढी करमणूक म्हैसुरात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

मुलं सगळी इथल्या जुन्या मराठी घरांतली. कुणाचे पूर्वज महाराजांच्या फौजेत घोड्यावर, कुणाचे, म्हणजे आमच्यासारख्यांचे, कचेरीत लेखणी घासायला. घरी मराठी बोलतो असं सगळे छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात पोरं आजीशी मराठी, आईबापांशी कन्नड आणि मोबाइलशी इंग्रजी बोलतात. त्यामुळे त्यांचं मराठी तुकड्यातुकड्यांनी येतं. मला भूक आहे. आई नाही. डोसा आहे. संपलं.

मला विचाराल तर त्यात काही वाईट नव्हतं. मी विमा कचेरीत होतो. लांब वाक्यं मी पोटभर वाचली आहेत आणि लांब वाक्यात माणूस नेहमी काहीतरी लपवतो असं माझं ठाम मत होतं. पण नागरत्नाला ही तुटक बोली सहन होत नाही. "पोरं बोलतात की फोडणीत मोहरी तडतडते तेच कळत नाही," असं म्हणून तिनं स्वतःची एक पद्धत काढली.

प्रत्येक मुलानं छोटी छोटी वाक्यं लिहायची, एका चिठ्ठीवर एक. चिठ्ठ्या शेजाऱ्याला द्यायच्या. शेजाऱ्यानं त्या सगळ्यांचं मिळून एक वाक्य करायचं. नियम दोनच. एकही चिठ्ठी हातात उरता कामा नये. आणि वाक्य झालं की ज्याच्या चिठ्ठ्या, त्याला विचारायचं, "चालेल?" तो नाही म्हणाला तर पुन्हा.

पहिल्याच रविवारी रक्षित नावाच्या मुलाच्या मांजरावरून रणकंदन झालं. त्यानं लिहिलं होतं: आमच्याकडे मांजर आहे. ते लठ्ठ आहे. ते दूध पीत नाही. ते माझ्या उशीवर झोपतं. शेजारच्या शशांकनं जोडून दिलं, "आमच्याकडे एक लठ्ठ मांजर आहे, ते दूध पीत नाही म्हणून माझ्या उशीवर झोपतं."

रक्षित उसळला. "दुधाचा काय संबंध? मी त्याला आवडतो म्हणून ते झोपतं!"

"तसं चिठ्ठीत कुठे आहे?" शशांक म्हणाला.

"मत्ते, मग विचारायचं की मला!"

त्याचं बरोबर होतं. शशांकनं मग दुधाची चिठ्ठी गुपचूप मुठीत दडवली आणि बाकीच्या तिन्हींचं वाक्य केलं. नागरत्ना मुलांच्या मुठी न बघता ओळखते. तिनं त्याची बोटं एकेक करून उघडली.

"ही कुणाची?"

"बसत नव्हती, मिस."

"जी बसत नाही ती आधी घ्यायची. मग बाकीच्या."

यशस्विनी या वर्गात आली ती जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर. पाचवीतली, बारीक, दोन घट्ट वेण्यांची मुलगी. तिला घेऊन तिचे वडील मंजुनाथ आले होते. लष्कर मोहल्ल्यात त्यांचं मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानावरच घर. मंजुनाथ चाळिशीचा, पण बाकाची कड धरून म्हाताऱ्यासारखा हळूहळू बसला. शर्टाखालून कमरेचा रुंद पट्टा दिसत होता.

"मिस, हिला मार्कं नको," तो कन्नडमध्ये म्हणाला. "हिला आमच्या बाबांचं बोलणं कळायला पाहिजे. आम्हाला कळत नाही, नोडी, बघा."

शिवरात्रीनंतर त्याच्या वडलांना लकवा मारला होता. उजवा हात-पाय गेला, तो थोडा परत आला. बोलणं गेलं, तेही थोडं परत आलं. पण कन्नड आलं नाही. जन्मभर ज्या भाषेत गावात वावरले ती गेली आणि लहानपणी घरात ऐकलेलं मराठी तेवढं उरलं. डॉक्टर म्हणाले, काही जणांचं असं होतं. त्यात मंजुनाथचं मराठी जेवण, पाणी, झोप, एवढ्यावर आटोपणारं. वडलांचं मराठी समजून घेणारी एकच व्यक्ती घरात होती, त्याची आई गिरिजाबाई, आणि ती दोन वर्षांपूर्वी वारली.

"वडलांचं नाव काय?" नागरत्नानं विचारलं.

"येसाजीराव."

मी मागच्या बाकावर ताठ बसलो. येसाजीराव म्हणजे ड्रिल मेष्ट्रू, कवायतीचे मास्तर! अर्ध्या म्हैसूरनं त्यांच्या शिट्टीवर धावून घेतलंय, त्यात मीही. दसऱ्याला बन्नीमंटपाच्या मैदानावर पोरांची कवायत उभी करायची ती त्यांनीच. धडधाकट होते तेव्हासुद्धा त्यांचं बोलणं असंच असायचं. धाव. थांब. पोट आत. त्या माणसाच्या तोंडी कधी प्रश्न आलेला मी ऐकला नव्हता. ते सांगायचे आणि आपण करायचं. घरी मात्र गिरिजाबाई त्यांच्या हुकमांना पुढची-मागची शेपटी लावून मुलांना समजेल असं करून सांगत असणार.

यशस्विनी पहिले दोन महिने वर्गात फारसं बोलली नाही. पण जोडायला बसली की बाकीच्यांच्या आधी तिचं होई, आणि झाल्यावर चिठ्ठ्या उलटसुलट करून बघे, एखादी राहिली तर नाही ना. श्रावणात एका रविवारी तिनं आपणहून हात वर केला.

"मिस, मी तातांचं जोडलं."

ताता म्हणजे आजोबा. आमच्याकडे हा शब्द कन्नडच राहिलाय.

झालं असं होतं. येसाजीराव रोज सकाळी ओरडायचे, "खिडकी! ऊन! पेपर!" घरातले खिडकी लावून घ्यायचे. ते आणखी ओरडायचे. घरातले म्हणायचे, आजारपणात स्वभाव चिडका होतो. यशस्विनीनं तिन्ही शब्द तीन चिठ्ठ्यांवर लिहिले, त्यांच्यासमोर मांडले आणि एक वाक्य करून विचारलं, "ताता, खिडकीतून ऊन आलं की तुम्हाला पेपर वाचायचाय, चालेल?" ते "हूं" म्हणाले. त्यांना खिडकी उघडी हवी होती. खुर्ची उन्हात हवी होती. इतके दिवस बिचारे स्वतःच्या घरात अंधारात बसून होते.

"मग रोज करते," यशस्विनी म्हणाली. "चुकलं की ताता 'च्' करतात. बरोबर आलं की 'हूं'."

परत येताना स्कूटरच्या मागच्या सीटवरून नाक ओढल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "सर्दी?" तर पाठीत बुक्की बसली.

भाद्रपद संपता संपता मंजुनाथ पुन्हा हॉलवर आला. या वेळी बरोबर त्याचा धाकटा भाऊ शरत होता. शरत कॉम्प्युटर कंपनीत आहे, म्हैसूरच्या कडेलाच, हिनकलला, त्यानं नवं घर बांधलंय. दोघे भाऊ एकाच बाकावर बसले, पण मधे आणखी दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून.

बोलणं कन्नडमध्येच झालं. प्रश्न साधा होता. शरतला वडलांना हिनकलला न्यायचं होतं. तिथे तळमजल्यावर खोली आहे, दारात गाडी येते. मंजुनाथ म्हणत होता, थोरला मुलगा असताना बाप धाकट्याकडे का जाईल, आणि बाबांनाच जायचं नाही.

"स्वतःच म्हणतात ते. 'शरतचं घर. नको.' मी माझ्या कानानं ऐकलंय."

"आणि 'पायऱ्या' म्हणतात ते?" शरत म्हणाला. "'पायऱ्या. शरतचं घर.' ते मी माझ्या कानानं ऐकलंय."

"पायऱ्या म्हणतात, मग कंबर म्हणतात, मैदान म्हणतात. मैदान म्हणजे त्यांना जुनं आठवतं. ड्रिल. डोक्यात फिरतं ते."

बोलणं ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की या भावांनी बापाच्या शब्दांचीसुद्धा वाटणी करून घेतली होती. ज्याला जे सोयीचं ते त्यानं उचललं होतं. यशस्विनी पडली लहान आणि त्यातून मंजुनाथची मुलगी, म्हणून दोघांनी ठरवलं होतं की तिसऱ्यानं, मराठी नीट येणाऱ्यानं, येऊन ऐकावं आणि सांगावं. नागरत्ना म्हणेल ते मान्य. नवरात्र बसायच्या आत काय ते ठरवायचं होतं.

"मी कोण सांगणार?" असं नागरत्ना म्हणाली खरी, पण पदर खोचून उठलीसुद्धा. जाणकार म्हणून बोलावलं की तिला नाही म्हणता येत नाही.

दुकानाच्या बाजूनं वर जाणारा जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. एका वेळी एक माणूस, तोही खांदे आखडून. मी वर पोचेपर्यंत धापा टाकत होतो. येसाजीराव खिडकीशी, उन्हात, खुर्चीवर बसले होते. अंग खंगलं होतं, पण पाठ अजून ताठ. मी हात जोडले आणि सांगितलं, "सर, मी तिरुमलराव. तुमचा विद्यार्थी."

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"पोट," ते म्हणाले.

ते जोडून सांगायला मला कुणी लागलं नाही. मी पोट आत घेतलं.

यशस्विनी आजोबांच्या खुर्चीमागे उभी होती, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून. आम्हाला पाहून एरवी हसते तशी हसली नाही. त्या खोलीत तिचा बिछाना आजोबांच्या पलंगाच्या शेजारी होता, तिचं दप्तर, पुस्तकं त्यांच्या औषधांच्या स्टुलावर होती. शाळेतून आली की रात्री झोपेपर्यंत ती तिथेच असते, असं तिच्या आईनं, रम्यानं, चहा देताना सांगितलं. आज इथे काय ठरणार आहे आणि त्यात आपलं काय जाणार आहे, हे त्या पोरीला पक्कं ठाऊक होतं.

नागरत्नानं वर्गात करते तसंच केलं. येसाजीरावांना विचारलं, "मास्तर, तुम्हाला काय सांगायचंय? सावकाश सांगा." ते एकेक शब्द बोलत गेले, कधी मधेच अडत, कधी तोच पुन्हा म्हणत. तिनं प्रत्येक शब्द एका चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठ्या पलंगावरच्या गोधडीवर मांडल्या. सहा झाल्या. मंजू. कंबर. नको. पायऱ्या. मैदान. शरतचं घर.

"कंबर त्यांची दुखते," मंजुनाथ म्हणाला. "रोज बाम लावतो आम्ही. लावू देत नाहीत. 'नको, नको' करून ओरडतात. दोघांनी धरून लावावा लागतो."

नागरत्ना चिठ्ठ्यांकडे बघत राहिली. मग मंजुनाथकडे बघितलं, त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे. मग खुर्चीमागच्या पोरीकडे. मी तिच्याबरोबर जन्म काढलाय. तिचं मन कुठल्या बाजूला कलंडलं ते मला तेव्हाच दिसलं. तिनं तीन चिठ्ठ्या उचलल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या.

"मंजूला सोडून शरतच्या घरी जायला नको," तिनं वाचलं. "असंच म्हणतायत ते."

मंजुनाथनं डोळे पुसले. शरतनं मान्य केलं. बाप आहे, कोर्टात थोडाच जायचंय. तो उठला आणि गाडीची किल्ली खिशात चाचपू लागला. रम्या कप गोळा करायला लागली. येसाजीरावांनी तोंडानं "च्" केलं, डोळे मिटले आणि मान खिडकीकडे वळवली.

"दमले," मंजुनाथ म्हणाला.

नागरत्नानं उरलेल्या चिठ्ठ्या गोळा करून मुठीत घेतल्या. आम्ही निघणार एवढ्यात खुर्चीमागून आवाज आला.

"मिस."

"काय गं?"

"तीन उरल्या."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. मला कळलं आणि नागरत्नाला कळलं. तिचा चेहरा एकदम लाल झाला.

"आणि तुम्ही तातांना 'चालेल' विचारलंच नाही," यशस्विनी म्हणाली. गप्प राहिली असती तर आजोबा तिच्याच खोलीत राहिले असते. कुणीही तिला दोष दिला नसता, कारण कुणाला कळलंच नसतं. एवढी मोठी गोष्ट एवढ्या लहान मुलीवर पडायला नको होती, असं मला वाटलं आणि आम्हा सगळ्या मोठ्यांचा रागही आला.

ती खुर्चीला वळसा घालून पुढे आली. नागरत्नानं मूठ उघडली. यशस्विनीनं सहाही चिठ्ठ्या पुन्हा गोधडीवर मांडल्या आणि आजोबांच्या गुडघ्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले.

तिनं जी बसत नव्हती ती आधी घेतली.

"ताता, कंबर कुणाची? तुमची?"

"नाही."

इतक्या महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. स्टुलावर बामची बाटली होती, निम्मी संपलेली.

"अप्पाची?"

"हूं," येसाजीराव म्हणाले. "मंजू. कंबर."

"छे, मला काय झालंय? सुम्ने, उगाच काहीतरी," मंजुनाथ म्हणाला, पण त्याचा हात आपोआप पट्ट्यावर गेला. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की या जिन्यावरून तोच वडलांना पाठीवर घेऊन उतरायचा आणि पाठीवर घेऊनच चढायचा. दुखलं तरी सांगायचा नाही. पण पाठीवरच्या माणसाला पायरीपायरीवर अडलेला श्वास ऐकू येत होता. म्हातारा रोज सांगत होता की मंजूची कंबर मोडेल, असं नको करू, आणि हे लोक रोज त्याला धरून त्याच्याच कमरेला बाम चोळत होते.

"मैदान म्हणजे बन्नीमंटपाचं?" यशस्विनीनं विचारलं.

"च्."

ती अडली. तिनं सगळ्यांकडे बघितलं. शरत दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "आमच्या घरासमोर मोकळी जागा आहे. संध्याकाळी पोरं खेळतात तिथे. दवाखान्यातून आणताना एकदा गाडी तिकडून घेतली होती. बाबांनी काच खाली करायला लावली होती."

"ते मैदान, ताता?"

"हूं. पोरं." त्यांचा डावा हात उचलला गेला, शिट्टी तोंडाशी नेतात तसा. "चुकीचं. धावतात."

शरत हसला आणि हसता हसता त्यानं तोंडावर हात धरला.

आता यशस्विनी गोधडीसमोर बसली. एकेका चिठ्ठीवर बोट ठेवत, थांबत, शब्द मागे-पुढे करत तिनं वाक्य रचलं. तिला वेळ लागला आणि कुणी घाई केली नाही. मग ती उठून आजोबांसमोर उभी राहिली आणि वर्गात म्हणतात तसं हात मागे बांधून म्हणाली:

"मला घेऊन पायऱ्या चढून-उतरून मंजूची कंबर दुखते, ते मला नको आहे, आणि शरतच्या घरासमोर मैदान आहे, म्हणून मी तिकडे जातो. चालेल?"

येसाजीराव लगेच "हूं" म्हणाले नाहीत. त्यांनी आधी मंजुनाथकडे बघितलं. मंजुनाथ खाली मान घालून रडत होता, लपवत नव्हता. मग त्यांनी यशस्विनीकडे बघितलं आणि बघतच राहिले.

तिला कळलं ते काय विचारतायत.

"मला वाईट वाटेल," ती म्हणाली. "पण ते तुमच्या चिठ्ठीत नाही."

मग येसाजीराव म्हणाले, "हूं."

शरत येऊन थोरल्या भावाच्या शेजारी बसला. मधे जागा न सोडता. "अण्णा, तू केलंस तेवढं मला जमणार नाही," तो म्हणाला. मंजुनाथ म्हणाला, "रात्री दोनदा उठवावं लागतं त्यांना. पाणी कोमट लागतं." आणि मग तो वडलांच्या सवयी सांगत सुटला. कुठली उशी, कुठली गोळी आधी, भात किती मऊ. शरतनं फोन काढला आणि एकेक लिहून घेतलं.

घरापाशी उतरल्यावर नागरत्ना हेल्मेट माझ्या हातात देत म्हणाली, "अहो, माझी मूठ तिनं उघडली." मला चिडवायला चांगली संधी होती, पण मी चिडवलं नाही. चांगलं केलं तिनं, एवढंच म्हटलं. लांब वाक्यात माणूस लपवतो हे माझं मत मी आता जपून वापरतो. लपवायचंच असेल तर तीन शब्दांत लपवता येतं. उरलेले तीन मुठीत घेतले की झालं.

येसाजीराव हिनकलला गेले ते घट बसायच्या आदल्या दिवशी, सकाळी. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. नागरत्ना म्हणाली जाऊ या, म्हणून गेलो.

दोघा भावांनी त्यांना खुर्चीसकट खाली आणलं. शरत खाली, मंजुनाथ वर, आणि मंजुनाथला जोर लावायचा नाही म्हणून शेजारच्या दुकानातले हयग्रीव मधे शिरून खुर्ची तोलत होते. एवढ्या अरुंद जिन्यात तीन माणसं आणि एक खुर्ची कशी मावली ते त्यांनाच ठाऊक. येसाजीराव मात्र वरून कवायत घेत होते. "डावा! सावकाश! थांब!" जिना संपला. त्यांचे पाय रस्त्याला टेकले तेव्हा त्यांनी चपला काढायला लावल्या आणि तळवे डांबरावर ठेवून थोडा वेळ तसेच बसून राहिले. दुकानांची शटर उघडत होती, रिक्षा हॉर्न देत होत्या. सगळी बोंबाबोंब कानावर घेत ते बसले होते, जणू इतके दिवस हीच राहून गेली होती.

यशस्विनी शाळेच्या गणवेशात जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. पाठीवर दप्तर. सकाळपासून रडून झालं असावं, डोळे सुजले होते. आजोबांना गाडीत बसवलं तशी ती दाराशी गेली. या पोरीला आता चांगली ओळभर वाक्यं येतात, मी स्वतः ऐकली आहेत. पण त्या वेळी तिच्या तोंडून तुकडेच निघाले.

"तुम्ही जा, ताता. मी इथे. शाळा आहे."

शरतनं गाडी सुरू केली. मंजुनाथ दार लावणार, तेवढ्यात येसाजीरावांनी डाव्या हातानं दार धरलं. सगळे थांबले. ते यशस्विनीकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, उजवी बाजू मागे राहत होती. घशातून एक-दोनदा नुसताच आवाज आला. मंजुनाथ पाणी आणायला वळला, तर नागरत्नानं त्याचा दंड धरला.

"मी… जातो," येसाजीराव म्हणाले. "तू… इथे." कपाळाची शीर फुगली होती. "पण… शाळा… सुटली… की… मैदानावर… ये."

मी बोटांवर मोजलं. तिच्या तुकड्यांच्या तिन्ही चिठ्ठ्या त्यांनी घेतल्या होत्या. एकही उरली नव्हती.

दार त्यांनी अजून सोडलं नव्हतं. आयुष्यभर ज्यांनी फक्त हुकूम दिले, ज्यांना उलट विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती, ते ड्रिल मेष्ट्रू त्या पोरीच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.

"चालेल?" त्यांनी विचारलं.

यशस्विनीनं दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"हूं," ती म्हणाली.